साडेसहा मीटरचा खेळ : कबड्डीच्या रेषा डाव कसा ठरवतात

नवागाम (सुरत), वार्ताहर :

पोरगं सोसायटीच्या प्लॉटवर सगळ्यांना भारी पडतं आणि निवड चाचणीला मॅटवर उतरलं की दोन चढायांत बाहेर येऊन बसतं. असं का होतं? नवागाम-दिंडोलीत, पांडेसरा-लिंबायतमध्ये संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. तिकडे नवापूर, नंदुरबार, अमळनेरलाही वेगळं चित्र नाही. कोणी मॅटला दोष देतो, कोणी बुटांना, कोणी वशिल्याला. वशिल्याचं सोडा, त्याला औषध नाही. पण एक कारण असं आहे की ते टेप लावून मोजता येतं. प्लॉटवरच्या आणि चाचणीतल्या खेळाचं नाव एकच असलं तरी दोन्हीची मापं वेगळी असतात. आणि कबड्डीत मापं बदलली की खेळच बदलतो.

आधी मापं

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचं अंगण येतं. रुंदीच्या १० मीटरमध्ये दोन्ही कडांच्या एकेक मीटरच्या लॉबी धरलेल्या असतात. झटापट सुरू होईपर्यंत लॉबीत पाय टाकता येत नाही, तेव्हा खेळायला खरी रुंदी मिळते ८ मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, म्हणजे मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त पावणेदोन मीटर.

महिलांचं मैदान १२ बाय ८. एका बाजूची खोली ६ मीटर, लॉबी वजा जाता रुंदीही ६ मीटर. निदान रेषा ३ मीटरवर, बोनस रेषा ४ मीटरवर आणि मागे २ मीटर जागा.

मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. पुरुषांच्या एका अंगणाचं लॉबी सोडून क्षेत्रफळ भरतं ५२ चौरस मीटर. त्यात सात बचावपटू. प्रत्येकाने सांभाळायची जागा साधारण ७.४ चौरस मीटर. महिलांच्या अंगणात ३६ चौरस मीटरमध्ये सात जणी, म्हणजे प्रत्येकीला ५.१. पुरुषांच्या संघात तीनच उरले तर एकेकाच्या अंगावर १७ चौरस मीटरहून जास्त जागा येते. एवढे चार आकडे डोक्यात ठेवले तरी पुढचं बरंच काही आपोआप कळतं.

निदान रेषा : नावाप्रमाणे निदान

चढाई करणाऱ्याने कोणालाही स्पर्श केला नाही, तर परत येण्यापूर्वी निदान एकदा तरी ही रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. ओलांडणं म्हणजे नुसता एक पाय पलीकडे टाकणं नाही. एक पाय रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय जमिनीवरून उचललेला हवा. ही अट नसती तर चढाईपटू मध्यरेषेला चिकटून दोन-चार उड्या मारून घरी गेला असता आणि बघणाऱ्यांनी खुर्च्या उचलल्या असत्या.

आता ३.७५ हा आकडा का महत्त्वाचा, ते बघा. साधारण पावणेसहा फूट उंचीचा पोरगा हात लांब करून आडवा पडला तर पायाच्या टोकापासून बोटांपर्यंत सव्वादोन मीटर जागा व्यापतो. बोटाचं पेर मध्यरेषेपलीकडे लागलं तरी तो सुटला. म्हणजे निदान रेषेवर पकडलेल्या माणसाला सुटायला पावलांनी फक्त दीड मीटर मागे यायचंय, बाकीचं काम त्याची उंची करते. बोनस रेषेवर पकडलेल्याला अडीच मीटर यावं लागतं. हा एका मीटरचा फरक म्हणजेच पकड यशस्वी होणं आणि चौघांना घेऊन पोरगं मध्यरेषेवर कोसळणं यातला फरक.

म्हणून जाणते प्रशिक्षक बचावाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : आत येऊ द्या. आमच्याकडची पोरं उलटं करतात. चढाईवाला मध्यरेषा ओलांडून दोन पावलं आला की कव्हरवरचा पोरगा धावून अंगावर जातो. प्लॉटवर ते खपतं, कारण तिथे समोरचाही पाचवी-सहावीतला भाऊच असतो. मॅटवर ८० किलोचा चढाईपटू अशा पोराला सोबत ओढत घरी नेतो आणि गुण घेतो. प्रो कबड्डीत वजनाची मर्यादा ८५ किलो आहे. एवढं वजन वेगात असताना मध्यरेषेजवळ थांबवणं एकट्याच्या हातचं काम नाही.

प्लॉटवर निदान रेषा बहुतेक वेळा नजरेने मारलेली असते. ती ३ मीटरवर पडली तर चढाईपटूच्या पायाला पाऊण मीटर आखूड सवय लागते. त्याला वाटतं आपण रेषा ओलांडून आलो. पंच हात वर करून त्याला बाद ठरवतो आणि घरचे म्हणतात पंच विकलेला होता.

बोनस : एका पायावरचा सौदा

बोनस रेषा म्हणजे बचावाने मांडलेलं आमिष. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनसचा गुण मिळतो. पाचवर आले की बोनस बंद. रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा आणि त्याच वेळी दुसरा हवेत ठेवायचा. त्या क्षणी चढाईपटू एका पायावर उभा असतो, घरापासून ४.७५ मीटर दूर, आणि अंतिम रेषेवरच्या कोपरारक्षकापासून पावणेदोन मीटरच्या आत. कोपरारक्षकाने झेप घेऊन घोटा धरायला याहून चांगली वेळ नाही. म्हणजे रेषा काढणाऱ्याने एकाच ठिकाणी दोघांचा फायदा ठेवलाय. एकाला गुण, दुसऱ्याला घोटा.

बोनसचा गुण मिळाला तरी बाहेर बसलेला आपला खेळाडू त्याने आत येत नाही. खेळाडू आत येतो तो प्रतिस्पर्धी बाद झाल्यावरच, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. व्यापारी भाषेत सांगायचं तर बोनस म्हणजे व्याज, मुद्दल नव्हे. यू मुंबाला २०१५ साली प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार याच व्याजावर सामना चालवायचा. घाई नाही, आरडाओरडा नाही, एक पाय टाकून एक गुण घेऊन परत. उलट प्रदीप नरवाल डुबकीवाला, म्हणजे बचावाच्या साखळीखालून वाकून निसटणारा. साखळी बांधायला दोन माणसं हात धरून उभी राहिली की तीन मीटरच्या आसपास रुंदी अडते. आठ मीटरमध्ये अशा दोन साखळ्या आणि मध्ये एक मोकळा माणूस. वरची वाट अडली, बाजूची अडली, मग उरते खालची. डुबकी त्यातूनच आली.

ज्या प्लॉटवर बोनस रेषा मारलेलीच नसते तिथे चढाईपटू ती शिकत नाही हे तर झालंच, पण कोपऱ्यावरचा पोरगाही घोट्याची वेळ साधायला शिकत नाही. एक रेषा न मारल्याने दोन खेळाडू कच्चे राहतात.

लॉबी, भिंत आणि हांगझोऊ

आमच्या भागातल्या प्लॉटांची खरी अडचण लॉबीची आहे. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला लावलेल्या मोटारसायकली. मैदान भिंतीपाशी संपतं. मग भिंत हीच आठवा बचावपटू होते. चढाईवाल्याला भिंतीकडे रेटलं की काम झालं. दोन-तीन वर्षं असं खेळलेला पोरगा मॅटवर जातो तेव्हा त्याला दोन्ही बाजूंना एकेक मीटरची अशी पट्टी भेटते की जी आधी मैदानाबाहेर असते आणि स्पर्श झाला की मैदानात येते. स्पर्शापूर्वी तीत पाय गेला की बाद, आणि स्पर्श झाल्यावर तीच पट्टी सुटकेची वाट. स्पर्श करताच अंगण ५२ चौरस मीटरवरून एकदम ६५ चौरस मीटरचं होतं. खेळ चालू असताना मैदान वाढतं असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

या एका मीटरने काय होऊ शकतं ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सगळ्यांनी पाहिलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. शेवटचं मिनिट-सव्वामिनिट उरलेलं, गुण २८-२८. कर्णधार पवन सेहरावत करो या मरो चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याच्या मागे इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. आता बाद कोण? जुन्या नियमाप्रमाणे स्पर्श न होता लॉबीत गेलेले सगळेच बाद, चढाईवाला आणि त्याच्या मागे गेलेले बचावपटूसुद्धा. नव्या पद्धतीप्रमाणे फक्त चढाईवाला बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. सामना जवळपास तासभर थांबला. अखेर भारताला चार आणि इराणला एक गुण मिळाला, भारताने सामना ३३-२९ असा जिंकून सुवर्णपदक घेतलं. इराणची नाराजी समजण्यासारखी होती. पाच वर्षांपूर्वी, २०१८ ला जकार्तात उपांत्य सामन्यात त्यांनीच भारताला २७-१८ असं हरवून आशियाई स्पर्धेतली आपली सलग सुवर्णपदकांची माळ तोडली होती.

माझं मत विचाराल तर पदक आपलं असलं तरी नियम दोन ठिकाणी दोन असणं ही आयोजकांची चूक होती. लीगमध्ये एक आणि देशाच्या सामन्यात दुसरा, असं चाललं तर वर्षभर लीग खेळणाऱ्या पोराचे पाय काय लक्षात ठेवणार?

माणसं कमी, जागा जास्त

वर भागाकार केला तो इथे उपयोगी पडतो. सात बचावपटू असताना चढाईपटूला श्वास घ्यायला जागा नसते. पण तो प्रत्येकाच्या हाताच्या टप्प्यात असतो तसे तेही त्याच्या पायाच्या टप्प्यात असतात, म्हणून एका झटक्यात दोन-तीन गुण मिळायची शक्यताही असते. तीनच उरले की जागा मोकळी होते, स्पर्श करणं सोपं होतं आणि पकड करणं फार अवघड. म्हणून तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जास्त दिला जातो. त्याला मराठी वर्तमानपत्रं अव्वल पकड म्हणतात. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण वेगळे. अव्वल पकडीचा नियम नसता तर तीनवर आलेला संघ हातपाय गाळून लोण घ्यायची वाट बघत राहिला असता. आता तो लढतो, आणि कोपऱ्यात एक चांगला घोटा धरणारा असेल तर सामना फिरवतो. २०१७ च्या हंगामात गुजरातच्या संघाने फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी हे दोन इराणी खेळाडू कोपऱ्यांवर उभे केले होते. पहिल्याच हंगामात तो संघ अंतिम फेरीत गेला. तिथे मात्र पाटण्याच्या नरवालपुढे कोपरे उघडे पडले आणि सामना ५५-३८ असा गेला.

जागा आणि माणसं यांचं हे गणित फक्त आपल्या मातीतलं नाही. बर्फावरच्या हॉकीत ते आणखी उघड दिसतं. आपल्या देशात हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये, पण अमेरिका-कॅनडात त्याची मोठी लीग आहे. त्यांचं रिंक साधारण ६१ बाय २६ मीटर, तर आंतरराष्ट्रीय सामन्यांत पूर्वापार चालत आलेलं रिंक ६० बाय ३० मीटर. लांबी तीच, रुंदीत चार मीटरचा फरक. दोन्हीकडे गोलरक्षक सोडून पाच-पाच खेळाडू. अरुंद रिंकमध्ये कुठूनही गोल जवळ असतो, कडेच्या फळीवर माणूस माणसाला रेटतो, अंगाला अंग लागतं आणि फटके जास्त बसतात. रुंद रिंकमध्ये कडेला गेलेला खेळाडू गोलपासून दूर पडतो, म्हणून तिथे स्केटिंगचा वेग आणि पास देण्याची कला जास्त कामाला येते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या खेळाडूला आधी ही चार मीटर विसरावी लागतात. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकचे सामने अमेरिकी मापाच्या रिंकवर झाले होते, तेव्हाही या फरकाची बरीच चर्चा झाली. त्या लीगने २०१५ पासून साखळी सामन्यांच्या जादा वेळेत पाचाऐवजी तीन-तीनच खेळाडू ठेवले. तेवढ्याच बर्फावर माणसं कमी, मग गोल लवकर. आपल्या अव्वल पकडीच्या मागे जे गणित आहे तेच हे, फक्त तिथे ते गोल वाढवायला वापरलं आणि इथे बचाव जिवंत ठेवायला.

दम गेला, घड्याळ आलं

आपल्या आबा-नानांच्या हुतूतूत चढाई किती वेळ चालायची? जितका दम तितकी. एका श्वासात जप चालू ठेवायचा, श्वास तुटला की परकीय अंगणात मेलात. तेव्हा छाती हेच घड्याळ होतं. आता चढाई ३० सेकंदांची. जप आजही करावा लागतो, पण डोळे पडद्यावरच्या आकड्यांकडे असतात.

४० मिनिटांच्या सामन्यात ३० सेकंदांच्या जास्तीत जास्त ८० चढाया बसतात, म्हणजे एका संघाला ४०. पुढे असलेल्या संघाला वेळ खायचा असेल तर रिकामी चढाई करून परत यायचं, एवढंच काम. त्यावर उपाय म्हणून लीगने तिसऱ्या चढाईचा नियम आणला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. हीच करो या मरो.

गंमत अशी की खेळ वेगवान करायला आणलेल्या याच नियमातून संथ डावही जन्मला. आपला बचाव भक्कम असेल तर पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवायच्या आणि समोरच्यालाही तिसऱ्या चढाईवर आणायचं. त्याला यावंच लागणार, आत घुसावंच लागणार, मग पकडायचं. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला अंतिम सामन्यात २८-२५ असं हरवलं. दोन्ही संघ मिळून ५३ गुण. पाटणा-गुजरात सामन्यात ९३ होते. मैदान तेच, ४० मिनिटं तीच. काही लोकांना पलटणचा सामना कंटाळवाणा वाटला. मला तर तो बघताना पेढीवर बसलेला जुना शेठ आठवला. उधार कमी देतो, पण बुडू देत नाही.

ही मापं ठरवली कुणी?

हे आपल्या सुरत-बडोद्याकडच्या मराठी माणसाला माहीत असायला हवं. देशात हा खेळ गावोगाव वेगळ्या नावाने आणि वेगळ्या नियमाने चालायचा. आपल्याकडे हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडु, बंगालकडे हा-डू-डू. महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास नियमांची जुळवाजुळव झाली, १९२३ मध्ये ते छापून आले आणि त्याच वर्षी त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा झाली ती बडोद्यात. गायकवाडांच्या बडोद्यात, म्हणजे आजच्या गुजरातमध्ये. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ तिथे करून दाखवला. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी खेळाची संघटना बांधण्यात आयुष्य घातलं. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

तेव्हा तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाद माणूस परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो, सगळा संघ संपेपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राहतो, फक्त समोरच्याला गुण मिळतो. आजचा खेळ संजीवनीतून आला. समजा गामिनी टिकली असती, तर पहिल्या पाच मिनिटांत बाद झालेल्या मुख्य चढाईपटूला बराच वेळ टॉवेल घेऊन बसावं लागलं असतं. अमर टिकली असती तर मैदान कधीच रिकामं झालं नसतं, मग ना लोण, ना अव्वल पकड. पंजाबकडे गोल मैदानाची कबड्डी आजही जोरात आहे. तिथे ज्याला चढाईपटूने स्पर्श केला त्यानेच एकट्याने अडवायचं असतं, बाकीचे बघत राहतात. साखळी नाही, कोपरा नाही. साहजिकच तिथे पैलवानी अंगाचा माणूस तयार होतो आणि आपल्या चौकोनात चपळ.

आपला दुसरा खेळ खो-खो. त्यातही सध्या हेच चाललंय. पाठलाग करणाऱ्याने दिशा बदलायची नाही आणि पळणाऱ्याला हवं तसं वळता येतं, या एका असमान नियमावर सगळा खेळ उभा आहे. पारंपरिक खेळात पाठलागाच्या बाजूचे नऊ खेळाडू मैदानात, नवीन जलद प्रकारात सात. डाव नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक याच जलद प्रकारात झाला. प्रतीक वाईकरच्या संघाने नेपाळला ५४-३६ असं आणि प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळच्याच मुलींना ७८-४० असं हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. जुन्या जाणत्यांना हा प्रकार फारसा रुचलेला नाही. मोठ्या मैदानात चार-चार मिनिटं पळून दमवणारा खेळाडू आता कमी दिसणार, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती चुकीची नाही.

मुलींच्या मैदानाचं वेगळं गणित

आमच्या भागात मुली मुलांच्याच मैदानात सराव करतात, कारण दुसरं मैदान आखायला जागा नसते. त्यांचं जास्त नुकसान होतं. सहा मीटर रुंदीत मधोमध उभ्या असलेल्या चढाईवालीपासून दोन्ही कडा तीन-तीन मीटरवर असतात. एक लांब पाऊल आणि लांबवलेला पाय, की ती कोपरारक्षकापर्यंत पोचते. मुलांच्या आठ मीटरमध्ये हेच अंतर चार मीटर होतं. तिथे सराव केलेली मुलगी चाचणीत गेली की तिला कोपरे अंगावर आल्यासारखे वाटतात. बचावातही तसंच. आठ मीटरच्या हिशोबाने दूरदूर उभं राहायची सवय लागलेली असते, मग अरुंद मैदानात सगळ्या एकमेकींच्या अंगावर आदळतात. प्रत्येकीच्या वाट्याला ५.१ चौरस मीटरच जागा आहे, हे अंगवळणी पडायला त्या मापाच्या मैदानातच खेळावं लागतं.

मॅटबद्दल दोन शब्द. माती अनवाणी, मॅट बुटांवर. मातीत पाय घसरतो, त्यामुळे वळायला अर्धं पाऊल जास्त लागतं. मॅटवर बूट धरून ठेवतो, वळण तिथल्या तिथे मिळतं, पण गुडघ्यावर भार येतो. बारा तास लूमच्या खात्यावर उभं राहून संध्याकाळी खेळायला येणाऱ्या पोरांनी गुडघ्याचं हे आधी समजून घ्यावं. मॅट सगळ्यांना परवडत नाही, हे खरंच आहे. पण वर सांगितलेल्यापैकी निदान रेषा, बोनस, लॉबी, कोपरा यातल्या कशालाच मॅट लागत नाही. लागते फक्की आणि टेप.

छोट्या प्लॉटवर मैदान कसं आखाल

१३ बाय १० ची मोकळी जागा नसेल तर अख्खं मैदान दाबून छोटं करू नका. त्यापेक्षा अर्धंच मैदान पूर्ण मापाचं आखा. एका वेळी चढाई एकाच बाजूला होते, त्यामुळे साडेसहा बाय दहाचं एक अंगण आणि मध्यरेषेच्या अलीकडे चढाईवाल्याला आडवं पडायला अडीच-तीन मीटर जागा पुरते. दोन्ही संघ आलटून पालटून आत उभे राहतात. भिंत असेल तर भिंतीपासून हात-दोन हात सोडून लॉबीची बाहेरची रेषा मारा, भिंतीला चिकटून नको. डोकं आपटण्याचा प्रश्न आहे.

कोपऱ्यांना चार लाकडी खुंट्या आणि सुतळी घ्या, आखून झालं की खुंट्या काढून टाका. मध्यरेषेपासून ३.७५ आणि ४.७५ मीटरवर खुणा करा, दोन्ही कडांपासून आत एकेक मीटरवर लॉबीची रेषा. पावसाळ्यात फक्की रोज वाहून जाते, म्हणून ही अंतरं एकदाच कंपाउंडच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवली तर दररोज टेप काढावा लागत नाही. पावलांनी मोजू नका, नवव्या इयत्तेतल्या पोराचं पाऊल आणि त्याच्या सरांचं पाऊल यात वीतभर फरक असतो.

कोपरे काटकोनात आहेत का ते कर्ण मोजून कळतं. मुलांच्या अंगणात, म्हणजे ६.५ बाय १० मध्ये, दोन्ही कर्ण ११ मीटर ९३ सेंटिमीटर भरले पाहिजेत. मुलींच्या ६ बाय ८ ला तर हिशोबच सोपा : कर्ण बरोबर १० मीटर. नाही भरला, तर फक्की टाकायच्या आधी खुंटी सरकवा.